चवथ, मोदक आणि भरती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा नवरा नौदलात आहे. मी मालवण तालुक्यात सासरी राहते. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीचचा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत आमच्या पडवीत जी माणसं दर्शनाला येतात, त्यांतली निम्मी मला दोनच गोष्टी विचारतात: "झिलाक नेव्हीत कसो घालूचो?" आणि "तुझे मोदक फुटत कसे नाय?" 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन इथे तारकर्लीला झाला, जहाजं आणि विमानं पोरांनी किनाऱ्यावरून बघितली, आणि पहिला प्रश्न जरा जास्तच वाढला. एका हाताने उकड मळत दुसऱ्याला भरतीचे नियम सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. वयाची मर्यादा आणि टक्के भरतीगणिक थोडे हलतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी जाहिरात स्वतः वाचा.

मुलगा "नेव्हीत जायचंय" म्हणतो. नेव्ही म्हणजे नक्की कुठली?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, मीच उलटा विचारते. आपल्याकडे बोटीवर गेला तो सगळा नेव्हीतच गेला असं धरतात. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची नोकरी. ती बहुतेक खासगी कंपन्यांची, कराराची, त्यासाठी सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणी पुस्तक, लागतं आणि कोर्सची फी आपण भरायची. भारतीय नौदल ही फौज, संरक्षण मंत्रालयाखाली. तिसरं तटरक्षक दल, म्हणजे कोस्ट गार्ड. तेही संरक्षण मंत्रालयाखालीच, पण वेगळं दल, 1978 च्या कायद्याने उभं राहिलेलं.

कोस्ट गार्डकडे आपल्या मुलांचं फार कमी लक्ष जातं, आणि मला ते खटकतं. त्यांची नाविक आणि यांत्रिक भरती अग्निपथ योजनेत, म्हणजे चार वर्षांच्या अग्निवीर भरतीत, नाही. यांत्रिक पदाला इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखांचा डिप्लोमा चालतो. मालवणात आणि रत्नागिरीत सरकारी तंत्रनिकेतन आहे. दारातली वाट सोडून पोरं पुण्याला खोली भाड्याने घेऊन राहतात.

दहावी झाली. आता कुठली शाखा घ्यावी?

खरा निर्णय इथे होतो, भरतीच्या मैदानावर नाही. निकाल लागतो, जवळच्या कॉलेजात सायन्स नसतं किंवा एसटीची वेळ जुळत नाही, मित्र कॉमर्सला जातात म्हणून हाही जातो. दोन वर्षांनी आई माझ्याकडे येते आणि मला सांगावं लागतं की अर्धी दारं बंद झाली.

नौदलात अग्निवीर एसएसआर, म्हणजे बारावीवरचा नाविक, व्हायचं तर बारावीला मॅथ्स आणि फिजिक्स हवं. कोस्ट गार्डच्या नाविक जनरल ड्युटीला तेच. एनडीएतून, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या अकादमीतून, नौदल किंवा हवाई दलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. एनडीएतून भूदलाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुणांचा पेपर गणिताचाच असतो, म्हणजे आर्ट्सच्या मुलाला गणित चुकत नाहीच. उरलेल्या 600 मध्ये 200 इंग्रजीचे. पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाने आठवीपासून इंग्रजी वाचायची सवय लावली तर बारावीत घाम फुटत नाही.

ज्याच्याकडे फक्त दहावी आहे त्याला नौदलात एमआर, म्हणजे मॅट्रिक रिक्रूट, म्हणून वाट आहे, कोस्ट गार्डमध्ये डोमेस्टिक ब्रँच, म्हणजे स्वयंपाकी-वाढपी अशी कामं, आहे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त हे माहीत असून निवडावं.

मुलगा खरोखर हुशार आणि चिकाटीचा असेल तर दहावीच्या वर्षीच छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची चौकशी करा. राज्य सरकारची संस्था आहे, 1977 पासूनची. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी तिथे एकत्र होते. सातारची सैनिक शाळा त्याहून आधीची वाट: 1961 साली सुरू झालेली, प्रवेश सहावीला आणि नववीला. माझ्या भाच्याच्या वेळी आम्हाला हे कळलं तेव्हा तो दहावीत होता. सातार हुकलं होतं.

एनडीए म्हणजे काय, आणि आपल्या पोरांना ते जमतं का?

अधिकारी होण्याची वाट. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित. लेखी पास झाला की एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत, मग वैद्यकीय. निवड झाली तर तीन वर्षं खडकवासला आणि पुढचं प्रशिक्षण त्या त्या दलाच्या अकादमीत, नौदलाचं केरळात एळिमला इथे. शिक्षणाचा खर्च सरकारचा.

जमतं का, याचं उत्तर: लेखी जमते, एसएसबीला अडकतात. तिथे ग्रुपमध्ये बोलावं लागतं, आणि आपली पोरं पाहुणा आला की मागच्या दाराने परसात जातात. चवथीत त्याला आरतीला पुढे उभा करा, भजनाच्या बारीत गायला लावा, वाडीतल्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे द्या. मी गंमत करत नाहीये. चार माणसांत जबाबदारी उचलतो का, हेच तिथे बघतात.

दुसरी परीक्षा सप्टेंबरात असते, म्हणजे बहुतेकदा चवथीच्या आगेमागे. त्या वर्षी त्याला गणपतीवरची माटवी (फळं-पानं टांगायची चौकट) बांधायला सांगू नका.

अग्निवीर झाला तर चार वर्षांनी काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी ऐकून घेतला जाणारा प्रश्न. माझा नवरा जुन्या भरतीतला, पंधरा वर्षांवर पेन्शन असलेला. त्याच्याकडे बघून अग्निवीरचा हिशेब मांडू नका. अग्निपथ जून 2022 मध्ये आली आणि नियम बदलले.

भरतीचं वय साधारण साडेसतरा ते एकवीस. सेवा चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना 30,000, मग 33,000, 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000. यातला 30 टक्के भाग सेवा निधीत कापला जातो, म्हणून पहिल्या वर्षी हातात 21,000 येतात. तेवढीच रक्कम सरकार घालतं. चार वर्षांअखेर व्याज धरून साधारण 11.71 लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. सेवेत असताना 48 लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता जवानाला पडत नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनी तुकडीतल्या 25 टक्क्यांपर्यंत मुलांना कायम सेवेत घेतात.

म्हणजे चारातले तीन परत येणार, हे धरूनच घरात बोलणी करा. एकविसाव्या-पंचविसाव्या वर्षी अकरा लाख घेऊन परत आलेला शिस्तीचा मुलगा ही वाईट गोष्ट नाही. वाईट कधी होतं, तर घरच्यांनी ते अकरा लाख आधीच चिरेबंदी घराच्या नावावर लावलेले असतात तेव्हा. ते पैसे त्याच्या पुढच्या शिक्षणाचे किंवा धंद्याचे आहेत. घर गळत असेल तर कौलं फेरा, पण पोराच्या भांडवलाचा स्लॅब ओतू नका.

त्या चार वर्षांत लग्न करता येतं का?

नाही. केलं तर बाहेर. कायम सेवेसाठी अर्ज करतानाही अविवाहित असावं लागतं. "नुसता साखरपुडो करून ठेवू" म्हणणाऱ्या मावश्यांनी मुलीकडच्यांना हे सगळं आधी सांगावं, नाहीतर चार वर्षं लांबलेल्या साखरपुड्याचं काय होतं ते आमच्या वाडीने बघितलंय.

पळायचा सराव कुठे करायचा?

1.6 किलोमीटरची धाव जवळपास सगळीकडे आहे, वेळ दलाप्रमाणे वेगळी. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, उत्तम. कोरड्या वाळूत पळून घोटे दुखवून घेऊ नका. पण आठवड्यातून दोनदा तरी डांबरी रस्त्यावर किंवा मैदानात पळा, कारण परीक्षा पुळणीवर नसते. पावसाळ्यात शाळेच्या पडवीत उठाबशा, जोर, पुलअप्स. भूदलाची मुलं ध्यानात ठेवा: आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. नुसते पाय तयार करून भागत नाही.

आणि पोहणं! समुद्राकाठी वाढलेली कित्येक पोरं गळ्याइतक्या पाण्यापलीकडे जात नाहीत. विहिरीत शिकवा, जाणत्या माणसाबरोबर.

मेडिकलला मुलं का बाद होतात?

डोळे, कान, दात, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं), हायड्रोसील (अंडकोषात पाणी होणं). कानात मळ असला तरी पहिल्या फेरीत अडवतात, आणि तो काढायला डॉक्टरला पाच मिनिटं लागतात. रंगांधळेपणा मात्र बरा होत नाही, आणि नौदलात तो चालत नाही. म्हणून नववीतच एकदा नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टी तपासून घ्या. ज्या मुलाला तपासणीच्या रंगीत ठिपक्यांतला आकडा दिसत नाही त्याने चार वर्षं त्या स्वप्नामागे धावू नये.

मुलींना वाट आहे का?

आहे, आणि दरवर्षी रुंद होतेय. नौदलात अग्निवीर मुली आहेत. पहिल्या अग्निवीर तुकडीचं ओडिशातल्या चिल्का इथलं दीक्षान्त संचलन मार्च 2023 मध्ये झालं, त्यात मुली होत्या. एनडीएत मुलींना 2022 पासून प्रवेश आहे आणि पहिल्या 17 जणी 30 मे 2025 ला बाहेर पडल्या. ज्यांना वर्दी हवी पण बंदूक नको त्यांना मिलिटरी नर्सिंगची वाट आहे, नीटच्या गुणांवर. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय, तेही नीटवरूनच. आमची सात वर्षांची सध्या म्हणते तिला मोदकांचं हॉटेल काढायचंय. बघू.

अकॅडमी लावावी का? एक जण "सेटिंग" करून देतो म्हणतो.

अभ्यासाला आणि मैदानाला शिस्त मिळत असेल तर अकॅडमी ठीक. मूळ कागद, म्हणजे मार्कलिस्ट आणि दाखला, ठेवून घेणाऱ्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. माझ्या चुलत दिराचे कागद असे एका ठिकाणी सात महिने अडकले, भरती निघून गेली. आणि सेटिंग असं काही नसतं. निवड झाली की माणूस पैसे ठेवून घेतो, नाही झाली की फोन बंद. दहा जणांकडून घेतले तर दोन तर नशिबाने लागतातच, त्यावर त्याचा धंदा.

गणपतीला सुट्टी मिळते ना?

कागदावर जुन्या सेवेतल्या नौसैनिकाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ रजा असते. अग्निवीरला 30 दिवस. कागदावर. जहाज कधी कुठे असेल यावर बाकी सगळं. महाराष्ट्रातल्या सगळ्या पोरांना चवथच हवी असते, केरळच्यांना त्याच सुमारास ओणम. लग्नाच्या नऊ वर्षांत आमच्या घरच्या गणपतीला नवरा चारदा होता. एकदा विसर्जनाच्या संध्याकाळी पोचला, पायातले बूट न काढता व्हाळावर (ओढ्यावर) धावला.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि चवथीच्या गाड्या बघता बघता भरतात. रजा मंजूर व्हायच्या आधीच मी दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढते, एक रद्द करते. त्याचे पैसे जातात. तो खर्च मी पगारातलाच धरते.

मुलगा भरतीला उभा राहतोय त्या घरांना माझा उलटा प्रश्न: गणपती डोक्यावरून कोण आणणार? पगार सगळे विचारतात. हे आधी ठरवा. आमच्याकडे पहिली दोन वर्षं यावरून भावाभावांत कुरबुर झाली.

नवरा नाही, दोन लहान मुलं आणि चतुर्थीचा नैवेद्य. जमवायचं कसं?

आदल्या रात्री जेवढं उरकेल तेवढं उरकून. काळे वाटाणे संध्याकाळी सहालाच भिजत घाला, दहा-बारा तास लागतातच. विसरलात तर कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा, दाताखाली खडेच. नारळ खवून घ्या आणि सारण, आमच्याकडे चून म्हणतात, रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवा. अळू चिरून ठेवा, हाताला चिंच किंवा तेल लावून.

एकवीस मोदकांना मी खोबरं तीन वाट्या आणि गूळ दीड वाटी घेते. गूळ विरघळून मिश्रण ओलसर असतानाच उतरायचं. कोरडं होईपर्यंत ढवळलं तर गार झाल्यावर चिक्की होते. वेलची, जायफळ, भाजलेली खसखस.

सकाळी आधी वाटाणे कुकरला. नैवेद्याचं सांबार आमच्याकडे कांद्या-लसणाशिवाय, ओल्या खोबऱ्याच्या भाजक्या वाटपात. रात्रीच्या भजनी मंडळासाठी त्याच वाटाण्यांची उसळ कांद्याचं वाटप आणि मालवणी मसाला घालून, बरोबर पाव. म्हणजे शिजवणं एकदाच. बुवांना चहा मात्र तीनदा लागतो, दुधाची पिशवी जास्त आणा.

अडीच वर्षांच्याला मोदकपात्रापासून लांब ठेवणं हे खरं काम. आजोबांसमोर दुर्वांचा ढीग ओता आणि दोघांना जुड्या करायला बसवा. आमच्या आजोबांचं एकवीसपर्यंत मोजणं नातू इतक्यांदा चुकवतो की तास निघतो.

पहिल्या वर्षी नवरा येणार येणार म्हणताना आला नाही, फोन आला आणि मी चुलीपाशीच रडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "गणपती कोणाची वाट बघणा नाय गे. आधी उकड मळ, मगे रड." तेव्हा राग आला होता. उकड गार झाली की मळता येत नाही, हेही खरंच होतं.

मोदक फुटतात. काय चुकतं?

दहातल्या आठ वेळा उकड कमी मळलेली असते, किंवा पिठी जुनी. दोन वाट्या पिठीला दोन वाट्या पाणी, चवीला मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळलं की पिठी घालून हलवा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ, लगेच ताटात काढून हाताला सोसेल तितकी गरम असताना पाण्या-तेलाच्या हाताने मळा. गोळी वळून बोटाने दाबा. कडेला चीर पडली तर अजून मळायचं आहे. पारी कडेला पातळ, तळाला जरा जाड. पात्रात ठेवण्याआधी मोदक पाण्यात बुडवून काढा, खाली हळदीचं पान, वाफ दहा-बारा मिनिटं.

तरी फुटले तर फुटले. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर घालून निवगऱ्या करा. माझी मुलगी मोदकांपेक्षा त्यांच्यावर जास्त खूष असते.

गौरीचं काय करता?

घावन-घाटलं. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्यही असतो, ज्याचं त्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे. नव्या सुनेचा पहिला ओवसा (गौरीला सूप ओवाळायची रीत) असेल आणि नवरा बोटीवर असेल तरी ओवसा होतो, त्यासाठी थांबायचं नसतं. माझा तसाच झाला.

परत जाताना बरोबर काय द्यावं?

लाडू, खाजं, चिवडा, भाजलेले काजू, आमसुलं. मोदक नको, आंबोळी नको, ओल्या खोबऱ्याचं काहीच नको. सुकट मुळीच नको, एकाच्या पिशवीचा वास सगळ्या मेसला येतो. दिलेलं सगळं पहिल्याच दिवशी मित्र संपवतात, तेव्हा तुमच्या अंदाजाच्या दुप्पट द्या आणि त्याने एकट्याने खाल्लं का हे विचारू नका.

क्वार्टर मिळतं तर गावात का राहता?

पाच वर्षं राहिलो, मुंबईला आणि कारवारला. क्वार्टर चांगलं असतं, शेजार चांगला, कँटीन, दवाखाना जवळ. पण त्याचं जहाज गेलं की परक्या गावात मी आणि ताप आलेलं पोर. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा गावी आले, मग मुलीची शाळा लागली. ज्यांना बदल्या झेपतात त्यांनी जरूर बरोबर राहावं, विशेषतः मुलं पाचाच्या आतली असताना. केंद्रीय विद्यालय असलं की बदलीत शाळेचा घोळ कमी होतो. मुलं मात्र घरातसुद्धा हिंदी बोलायला लागतात, तेवढं बघा.

मुलं बाबांना विसरतात का?

विसरत नाहीत, लाजतात. धाकटा अकरा महिन्यांचा असताना नवरा पाच महिन्यांनी आला तर हा त्याच्याकडे जाईना, माझ्या मानेत तोंड खुपसून बसला. तिसऱ्या दिवशी पाठीवर. त्या तीन दिवसांत "बघ बाबांना ओळखत नाय" असं हसत म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा लवकर द्यावा. बाप काही बोलत नाही, पण रात्री झोपत नाही. जहाजावर स्मार्टफोन चालत नाही, त्यामुळे रोज व्हिडिओ कॉल होईल असं धरू नका. बंदरात आला की बोलतो, कधी सलग चार दिवस, मग तीन आठवडे काहीच नाही. मुलीने भिंतीवरच्या कालनिर्णयवर फोन आलेल्या दिवसांना पेन्सिलने मासा काढायचं ठरवलंय. ऑगस्टात दोन मासे आहेत.

तो चवथीनंतर वीस दिवसांनी येणार. मोदक फ्रीजमध्ये ठेवून चालतील का?

नाही. दुसऱ्या दिवशीच पारी दगड होते. ठेवायचं ते चून, हवाबंद डब्यात फ्रीजरला, महिनाभर चांगलं राहतं. हळदीची पानं परसातून त्या दिवशी ताजी काढायची. गाडी कणकवली सोडली की त्याचा फोन येतो, तेव्हा पाणी उकळत ठेवायचं. कुडाळला उतरून घरी येईपर्यंत उकड मळून होते. गेल्या वर्षी आमच्याकडे मोदक दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाले, अकराच, आणि त्यातले दोन फुटले.